उन्हात हातांची आग होते, पण त्वचेवर काहीच दिसत नाही: निदान कसं करायचं?

निशिगंध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मुलीबद्दल लिहिते आहे, वय आठ. अगदी लहान असल्यापासून तिला ऊन सोसत नाही. म्हणजे काळवंडते किंवा घामोळं येतं असं नाही. मैदानावर दहा-पंधरा मिनिटं झाली की हातांच्या पाठीला आणि नाकाला आधी मुंग्या येतात, मग खाज, मग आग. घरी आली की फरशीवर पालथे हात दाबून बसते. तेवढी जागा कोमट झाली की सरकून पुढच्या गार फरशीवर. रात्री ओला फडका गुंडाळल्याशिवाय झोप नाही, पांघरुणाचा स्पर्शही नको असतो. आणि दुसऱ्या दिवशी थोडंसं जरी ऊन लागलं तरी आदल्या दिवसापेक्षा लवकर आणि जास्त त्रास.

त्वचा मात्र स्वच्छ. फोड नाहीत, पुरळ नाही, गांधी नाहीत. कधीकधी हात किंचित सुजल्यासारखे वाटतात, पण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ते उतरलेलं असतं. आतापर्यंत ऐकलेली निदानं: उन्हाची ॲलर्जी, कोरडी त्वचा, आणि शेवटी 'मैदानाचा कंटाळा'. ॲलर्जीच्या गोळ्या, मलमं, वेदनाशामक, कशाचाही उपयोग नाही. एका डॉक्टरांनी पॉर्फिरिया या बहुतेकदा आनुवंशिक असणाऱ्या आजाराची शंका घेऊन लघवी तपासायला लावली होती. ती नॉर्मल आली. 'फोड नाहीत, लघवीला रंग नाही, तपासणीही नॉर्मल, म्हणजे तो आजार नाही', असं म्हणून विषय तिथेच मिटला.

पुस्तकातली लक्षणं अंगावर नसतील तर असा आनुवंशिक आजार ओळखायचा कशावरून? कुणी या वाटेवरून गेलं असेल तर सांगा. रात्री तिच्या उशाशी बसून फडका भिजवत राहण्यापलीकडे मला काही करता येत नाही, ते सहन होत नाही आता.

मधुमालती

निशिगंध, वाचून पोटात कालवलं. माझ्या बहिणीला उन्हाची ॲलर्जी आहे, पण तिला ऊन लागल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, दंडावर बारीक लाल पुरळ येतं आणि आठवडाभर टिकतं. तुझ्या लेकीचं काही मिनिटांत सुरू होतं आणि पुरळ येतच नाही, म्हणजे हे काहीतरी वेगळं वाटतंय. जाणकारांची वाट बघते.

चर्मवैद्य

निशिगंधताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता निदान सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया, थोडक्यात ईपीपी, याची तपासणी झालीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती तपासणी अजून झालेलीच नाही.

पॉर्फिरिया म्हणजे एक आजार नव्हे. शरीरात हीम (रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त पदार्थ) तयार होण्याच्या आठ पायऱ्या आहेत. कुठली पायरी अडते त्यावर कुठला पदार्थ साचणार ते ठरतं आणि त्याप्रमाणे आजाराचं रूप बदलतं. फोड, जरा घासलं की सोलवटणारी त्वचा, लालसर लघवी हे चित्र पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा किंवा जन्मजात एरिथ्रोपोएटिक पॉर्फिरिया यांचं. तिथे साचणारे पदार्थ पाण्यात विरघळतात, म्हणून लघवीत सापडतात. ईपीपीत अगदी शेवटची पायरी अडते. फेरोकेलाटेज नावाचं विकर (एन्झाइम) प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रेणूच्या कड्यात लोह बसवून हीम बनवतं. ते कमी पडलं की बिनलोहाचं प्रोटोपॉर्फिरिन तांबड्या पेशींत साचत जातं. हे पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पित्तावाटे मलातून बाहेर पडतं, लघवीत उतरतच नाही. म्हणजे तुमचा तो नॉर्मल रिपोर्ट खरा आहे, पण ईपीपी आहे की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता त्वचा स्वच्छ का? प्रोटोपॉर्फिरिन ४०० ते ४१० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषतं आणि त्या ऊर्जेने त्वचेतल्या वरच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुखावतात. इजा आत होते, वेदना तिथून येते. थोडा वेळ ऊन लागलं असेल तर बाहेर खूण उमटण्याआधीच मूल सावलीत पळालेलं असतं. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर लाली तर दिसतही नाही. १९६१ मध्ये मॅग्नस आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं तेव्हाही तो उन्हाने अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या (म्हणजे गांधींच्या) रूपात समोर आला होता, इतकं हे गोंधळात टाकणारं आहे. खऱ्या सौर पित्तात मात्र गांधी उठलेल्या स्पष्ट दिसतात आणि एका दिवसाच्या आत जिरतात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन जागा नीट बघायला सांगा: बोटांच्या पेरांवरची त्वचा, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा. पेरांवर मेणासारखा जाडसरपणा, नाकावर उथळ खळगे, ओठांभोवती बारीक चिरा, एवढ्याच खुणा असू शकतात, आणि त्याही समोरच्या झगझगीत दिव्यात दिसत नाहीत, उजेड बाजूने तिरपा टाकावा लागतो. आठ वर्षांच्या मुलीत यातलं काहीच नसलं तरी मी आजार नाकारणार नाही. निदान रक्तावर होतं. तपासणीचं नाव लिहून न्या: तांबड्या पेशींतलं एकूण प्रोटोपॉर्फिरिन, आणि त्यातलं धातुविरहित किती व जस्तयुक्त किती हे वेगवेगळं.

पडछाया

निशिगंधताई, तुमचं पहिलं वाक्य वाचल्यावरच मला कळलं होतं. मला ईपीपी आहे, निदान झालं तेव्हा नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. या आजारात निदानाला दहा-दहा वर्षं उशीर होणं हे नेहमीचंच आहे.

डॉक्टरांनी लिहिलंय त्यात माझ्याकडून एक भर. त्वचा स्वच्छ राहते याचं एक कारण आम्ही स्वतःच असतो. शाळेतून येताना मी भिंतीच्या सावलीने चालायचो, हात खिशात किंवा बाह्यांच्या आत. झाडाच्या सावलीसाठी रस्ता ओलांडायचो. कुणी शिकवलं नव्हतं, शरीरानेच शिकवलं. जो मुलगा ऊन इतकं टाळतो त्याच्या हातावर खुणा येणार कुठून? आणि डॉक्टर त्याच स्वच्छ हाताकडे बघून म्हणणार, काही नाही हो याला.

म्हणून 'त्वचेवर काय दिसतं' यापेक्षा 'मूल काय करतं' हे सांगा. गार पाण्यात हात बुडवून बसतं का? गाडीत खिडकीकडची जागा टाळतं का? वाऱ्याची झुळूकसुद्धा लागते का? काचेतून ऊन आलं तरी त्रास होतो का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते, पण जांभळा प्रकाश आरपार येतो. माझा एक हात लांबच्या प्रवासात बंद काचेआड भाजून निघाला होता, आणि सोबत बसलेल्यांना ते पटवून देणं मला जमलं नव्हतं.

निशिगंध

पडछाया दादा, गाडीत ती कायम मधल्या जागेसाठी भांडते. मला वाटायचं भावाशी चुरस आहे. आता लिहितानाही हात थरथरतोय.

चर्मवैद्य, तपासणीचं नाव वहीत उतरवून घेतलंय. खूप आभार.

रानवारा

एक शंका विचारतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही. मुलांना शाळेत त्रास होत असेल तर दुखणं खरंच जाणवतं, शरीरावर काही नसतानाही. त्या बाजूनेही बघायला नको का? मी मुलांसोबत काम करतो आणि असं बऱ्याचदा बघितलंय.

चर्मवैद्य

रानवारा, प्रश्न योग्य आहे, म्हणूनच सविस्तर उत्तर देतो. मनाच्या ताणातून दुखणं येतं, ते खरंही असतं. पण इथला नमुना बघा. त्रास फक्त प्रकाश पडलेल्या भागाला होतो, कपड्याखाली नाही. ठरावीक वेळात सुरू होतो, एकाच क्रमाने वाढतो: मुंग्या, खाज, आग. सुट्टीत, सहलीत, मैत्रिणींसोबत मजेत असतानाही होतो. दुसऱ्या दिवशी कमी उजेडातही होतो. हा क्रम आठ वर्षांच्या मुलीला रचता येणार नाही. आणि मानसिक म्हणण्याआधी एक रक्ततपासणी करून बघणं हे आपलं कर्तव्यच आहे. आधी 'कांगावा' असा शिक्का बसला की त्यानंतरचा प्रत्येक डॉक्टर त्या शिक्क्यातून मुलाकडे बघतो. हे मी फार जवळून बघितलंय आणि त्याची मला चीड आहे.

रानवारा

पटलं. कपड्याखाली होत नाही हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. निशिगंध, शाळेशी बोलायला काही मदत लागली तर सांगा.

परीक्षानळी

मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना देण्याआधी हे वाचाच, कारण ही तपासणी चुकीच्या हाताळणीमुळे वाया जाते.

प्रोटोपॉर्फिरिन उजेडात खराब होतं. रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारा पदार्थ) असलेल्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. नळी भरल्या भरल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायची, टोपणापासून बुडापर्यंत, आणि वर नाव लिहायचं. नळी फॉइलशिवाय ट्रेमध्ये खिडकीपाशी पडून राहिली तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. नमुना गार ठेवायचा पण गोठवायचा नाही. रक्त घेणाऱ्याला हे आधी सांगा, संकोच करू नका. आम्हालाही असा नमुना क्वचितच येतो, आठवण करून दिली तर राग येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बऱ्याच ठिकाणी 'प्रोटोपॉर्फिरिन' म्हटलं की फक्त जस्तयुक्त प्रोटोपॉर्फिरिन मोजतात, कारण शिशाची विषबाधा आणि लोहाची कमतरता शोधायला तेच लागतं. त्यासाठीचं यंत्र ईपीपीतलं बिनधातूचं प्रोटोपॉर्फिरिन मोजतच नाही. म्हणजे आजार असून रिपोर्ट जवळपास नॉर्मल. उलट, काही रिपोर्टवर 'फ्री' असा शब्द असतो, पण मोजण्याच्या जुन्या पद्धतीत आम्लामुळे जस्त निघून जातं आणि प्रत्यक्षात एकूण आकडाच छापला जातो. त्यामुळे रिपोर्टवरच्या नावावर जाऊ नका. एकूण किती, आणि त्यातला धातुविरहित भाग किती टक्के, हे दोन आकडे मिळतील का, असं नमुना देण्याआधी फोन करून विचारा.

दूर्वांकुर

धागा फार मोलाचा आहे. विषय थोडा बाजूला नेते, पण प्रश्न तोच आहे.

माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. त्याला ऊन लागून कधीच काही व्हायचं नाही. ना आग, ना सोलवटणं. पण दोन वर्षांचा व्हायच्या आतच नाकावर, गालांवर, ओठांवर तपकिरी ठिपके पसरायला लागले, आणि उजेडात तो डोळे मिटून घ्यायचा. झिरोडर्मा पिग्मेंटोसम, म्हणजे उन्हाने त्वचेला होणारी इजा भरून न निघण्याचा आनुवंशिक आजार, याची शंका कुणीतरी काढली होती, पण 'त्या मुलांना जरा उन्हात नेलं की भयंकर भाजतं, याला तर काहीच होत नाही' म्हणून ती बाजूला पडली. निदान झालं तेव्हा मधली बरीच वर्षं तो बिनधास्त उन्हात खेळलेला होता. निदान आलं त्या दिवशी माझी बहीण घरातल्या सगळ्या खिडक्या लावून अंधारात बसली होती.

चर्मवैद्य, न भाजणाराही प्रकार असतो का? आम्हाला सांगितलं गेलं की त्याच्यात एक्सपीसी जनुकात दोष आहे.

चर्मवैद्य

हो, असतो, आणि हे प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला माहीत हवं. झिरोडर्मा पिग्मेंटोसम आठ वेगवेगळ्या जनुकांतल्या दोषांमुळे होतो. सात जनुकं अतिनील किरणांनी डीएनएला झालेली इजा दुरुस्त करणारी, आठवं त्या इजेला ओलांडून डीएनएची नक्कल पूर्ण करणारं. थोड्याशा उन्हात भयंकर भाजणं हे पाठ्यपुस्तकातलं चित्र काही गटांचं आहे (कुठलं जनुक बिघडलं त्यावरून गट पडतात). सी, ई आणि व्हेरियंट गटातल्या रुग्णांना ऊन सर्वसामान्य माणसासारखंच लागतं. एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे असे आहेत. यांच्यात धोका जास्त, कारण न भाजल्यामुळे ऊन टाळलं जात नाही आणि इजा साठत जाते. विशीच्या आतल्या रुग्णांत मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) सोडून त्वचेच्या इतर कर्करोगांचा धोका सर्वसामान्यांच्या १०,००० पटींच्या घरात जातो.

त्यामुळे वयाच्या दुसऱ्या वर्षाआधी उघड्या भागावर ठिपके दिसले की, भाजो न भाजो, शंका घ्यायचीच. ठिपक्यांची जागा बघा: चेहरा, मान, हात भरलेले आणि कपड्याखालचा भाग कोरा, ही सीमारेषा बरंच काही सांगते.

इथे दोन आजारांचा मेळ घालू नका. ईपीपीत गुन्हेगार दिसणारा जांभळा प्रकाश आहे, झिरोडर्मात अतिनील किरण. बचाव वेगळा, धोके वेगळे. पण दोन्हीकडे निदान हुकण्याचं कारण एकच: ठळक लक्षण नाही म्हणून दार बंद केलं गेलं. प्रत्येक लक्षणाबद्दल विचारायला हवं, की हे लक्षण या आजाराच्या किती रुग्णांत असतं आणि कुठल्या वयात येतं. 'नाही' या उत्तराला किंमत तेवढ्यावरच ठरते.

दूर्वांकुर

मनापासून आभार. बहिणीला हा प्रतिसाद वाचायला देते. भाचा आता नीट सांभाळला जातोय, डोळ्यांची आणि त्वचेची तपासणी नियमित चालू आहे.

निशिगंध

रिपोर्ट आला. पण अर्थ लागत नाहीये.

'जस्त प्रोटोपॉर्फिरिन: किंचित वाढलेलं.' हिमोग्लोबिन थोडं कमी, तांबड्या पेशी आकाराने लहान. डॉक्टर म्हणाले लोह कमी आहे, लोहाचं औषध सुरू करा, आगीचा संबंध नाही. परीक्षानळी ताई, मी एकूण आणि धातुविरहित असं लिहून दिलं होतं, तरी असं आलं.

परीक्षानळी

निशिगंध, मला हीच भीती होती. ही ती तपासणीच नव्हे. लिहून दिलेलं नाव संगणकातल्या यादीत सापडलं नसेल, म्हणून जवळचं निवडलं गेलं असेल. पुन्हा नमुना द्यावा लागेल, पॉर्फिरिनचं काम नियमित करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेकडे. तिथेच रक्तद्रवाची फ्लुरोसन्स तपासणीही (प्रकाश टाकल्यावर रक्तद्रव कुठल्या तरंगलांबीला चमकतो ते बघणं) होते का विचारा. ईपीपीत ६३४ नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसतं, बाकीच्या पॉर्फिरियांत ते इतरत्र येतं. दोन्ही मिळाल्या तर शंकेला जागा राहत नाही.

चर्मवैद्य

लोहाबद्दल जरा थांबा, ताई. ईपीपीत लहान पेशी आणि सौम्य रक्तक्षय असणं नेहमीचंच, शरीरात लोह कमी नसलं तरीही. आणि काही ईपीपी रुग्णांत लोह दिल्यावर त्रास वाढल्याचं आढळलंय. उलट याच आजाराचा एक्स गुणसूत्रावरचा भाऊबंद आहे, त्यात लोहाने फायदा होऊ शकतो. म्हणून दोन आठवडे लोह पुढे ढकलता येईल का आणि आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघता येईल का, असं तुमच्या डॉक्टरांना विचारा. परस्पर बंद करू नका.

पडछाया

ताई, धीर सोडू नका. माझा पहिला रिपोर्टही असाच फसवा होता. आता तुम्हाला नेमकं काय मागायचं ते कळलंय, हे निम्मं काम झालं.

निशिगंध

दुसरा रिपोर्ट. फॉइलची नळी मी स्वतः बघितली, टोपणासकट गुंडाळलेली.

एकूण प्रोटोपॉर्फिरिन नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या कित्येक पट. धातुविरहित भाग ९० टक्क्यांच्या वर. रक्तद्रवाचं शिखर ६३४ ला. डॉक्टरांनी ईपीपी असं लिहून दिलं. त्यांनी फोन करून सांगितलं आणि म्हणाले, तुमची मुलगी खरं बोलत होती. ती बाजूलाच होती, तिने ऐकलं.

आता जनुकीय तपासणीचा रिपोर्टही आलाय आणि त्यात पुन्हा घोळ. फेरोकेलाटेजच्या जनुकात एकच दोष सापडला, 'वाहक असण्याची शक्यता, आजाराचं स्पष्टीकरण होत नाही' असं लिहिलंय. मग नक्की काय मानायचं?

गुणसूत्र

मी जनुकीय समुपदेशक आहे. रक्ताचा रिपोर्ट इतका स्पष्ट असताना निदान पक्कं आहे, जनुकीय रिपोर्टमुळे ते डळमळीत होत नाही. पण तो 'एकच दोष' का, हे समजून घेण्यासारखं आहे.

फेरोकेलाटेजचं जनुक १८व्या गुणसूत्रावर आहे, आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक. एक प्रत पूर्ण बिघडली तरी दुसरी निम्मं काम करते आणि माणूस ठणठणीत राहतो. त्रास सुरू होतो विकराचं काम साधारण ३५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर. बहुतेक रुग्णांत होतं असं, की एका प्रतीत मोठा दोष असतो आणि दुसऱ्या प्रतीत एक छोटासा बदल, c.315-48T>C म्हणून नोंदला जाणारा, वाचताना 'सी तीनशे पंधरा वजा अठ्ठेचाळीस'. तो बदल जनुकाच्या अर्थवाही भागात नसून मधल्या भागात आहे. त्याने जनुक बंद पडत नाही, काम तेवढं मंदावतं. एकटा असला तर निरुपद्रवी. युरोपीय लोकांत तो सुमारे १० टक्के प्रतींत सापडतो, जपानमध्ये ४० टक्क्यांहून अधिक.

आता अडचण बघा. जनुकीय तपासणीत हजारो बदल सापडतात, म्हणून जे समाजात सर्रास आढळतात ते आधीच गाळले जातात. हा बदल सर्रास आढळणारा, शिवाय मधल्या भागातला, त्यामुळे चाळणीतून निसटतो. रिपोर्ट देणाऱ्याला एकच दोष दिसतो आणि तो 'वाहक' लिहितो. प्रयोगशाळेला लिहून विचारा: हा विशिष्ट बदल तपासला का, आणि तो मोठ्या दोषाच्या समोरच्या प्रतीवर आहे का? त्यासाठी आई-वडील दोघांचं रक्त लागेल.

चर्मवैद्यांनी म्हटलेला भाऊबंद म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या एएलएएस२ जनुकाचा आजार, २००८ मध्ये तो वेगळा ओळखला गेला. त्यात फेरोकेलाटेज पूर्ण निर्दोष असतं. पण तिथे धातुविरहित भाग साधारण ५० ते ८५ टक्के येतो, तुमच्याकडे ९० च्या वर आहे, म्हणून त्याची शक्यता कमी.

इतर वाचकांसाठी एवढंच: काही त्वचेच्या आजारांत दोष शरीराच्या सगळ्या पेशींत नसून एखाद्या पट्ट्यातच असतो. अशा वेळी रक्तातली जनुकीय तपासणी कोरी येते आणि आजार असलेल्या त्वचेचाच तुकडा तपासावा लागतो. ईपीपीला हे लागू नाही, पण 'जनुकीय तपासणी निगेटिव्ह' हे वाक्य ऐकल्यावर कुठल्या नमुन्यावर आणि कुठली जनुकं, हे विचारायची सवय ठेवा.

मधुमालती

निशिगंध, 'तुमची मुलगी खरं बोलत होती' वाचून डोळे भरून आले. तिला माझा खूप खूप गोड पापा.

पडछाया

ताई, आता पुढच्या दिवसांबद्दल, अनुभवातून.

नेहमीची उन्हाची क्रीम्स जवळजवळ निरुपयोगी. ती अतिनील किरण अडवतात, जांभळा प्रकाश नाही. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइडची रंगीत, जाड थराची मलमं थोडी मदत करतात. खरा आधार घट्ट विणीच्या कपड्यांचा: लांब बाह्या, हातमोजे, रुंद काठाची टोपी. वर्गात खिडकीपासून लांबची जागा.

आग सुरू झाल्यावर वेदनाशामकांवर भरवसा ठेवू नका. गारवा, अंधार आणि वेळ. मुंग्या आल्या की लगेच आत, 'अजून दोन मिनिटं' नाही. हा नियम तिने नव्हे, मोठ्यांनी पाळायचाय. तिला आत पळायची परवानगी मागावी लागू नये.

शाळेला द्यायच्या पत्रात मी हे लिहीन: 'हिला रक्ताशी निगडित जन्मजात आजार आहे. उजेडाने तीव्र वेदना होतात, त्या त्वचेवर दिसत नाहीत. वेदना सांगितल्यावर खात्री करण्यासाठी थांबू नये, लगेच सावलीत जाऊ द्यावं. काचेतून येणारं ऊनही अपायकारक आहे. कवायत आणि खेळ इमारतीच्या आत घ्यावेत, तिला वगळू नये.' शेवटची ओळ काढू नका. मला शाळेत सगळ्यातून वगळलं गेलं होतं आणि ते आगीइतकंच लागलं होतं.

मोठी झाल्यावर अफामेलानोटाइड या औषधाचा पर्याय आहे. त्वचेखाली बसवायची बारीक कांडी, दर ६० दिवसांनी. युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये प्रौढांसाठी मान्यता मिळाली. आजार जात नाही, पण वेदनेविना उन्हात राहता येणारा वेळ वाढतो.

चर्मवैद्य

पडछायांनी नेमकं लिहिलंय. वैद्यकीय बाजूची भर घालतो.

यकृताकडे लक्ष हवं. प्रोटोपॉर्फिरिन पित्तावाटे जात असल्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि पाच टक्क्यांहून कमी रुग्णांत यकृत गंभीररीत्या बिघडतं. प्रमाण कमी आहे, पण वेळीच पकडलं पाहिजे, म्हणून वर्षातून एकदा यकृताच्या चाचण्या आणि प्रोटोपॉर्फिरिन. हिपॅटायटिस ए आणि बी च्या लसी घेतल्या आहेत का बघा. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडतं, तेही मोजा. कधी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही आधी सांगा. शस्त्रक्रियेच्या दिव्यांनी, विशेषतः यकृताच्या लांबलेल्या शस्त्रक्रियेत, आतल्या अवयवांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दिव्यांवर पिवळे फिल्टर लावून ती टाळता येते.

निशिगंध

पत्र आज शाळेत दिलं, शेवटच्या ओळीसकट. रानवारा, तुम्ही सुचवल्याप्रमाणे वर्गशिक्षिकांना आधी भेटले, त्यांनी तिची जागा लगेच बदलली.

एकच राहिलं. धाकट्या मुलाला उन्हाचा काही त्रास नाही. त्याचीही तपासणी करायची का?

गुणसूत्र

तुम्हा दोघांपैकी एकाकडून मोठा दोष आणि दुसऱ्याकडून तो छोटा बदल आला असेल, तर प्रत्येक भावंडाला दोन्ही मिळण्याची शक्यता चारात एक. एकदा एकूण प्रोटोपॉर्फिरिन बघून घ्या, तसाच फॉइलमधला नमुना. ते नॉर्मल आलं तर त्याला आजार नाही. तो नुसता वाहक आहे का, हा प्रश्न त्याने मोठा झाल्यावर स्वतः ठरवायचा, आत्ता त्याची घाई नाही.